शहाजी कंडक्टरचं मत

सोलापूर स्टँडवरून सकाळी सव्वाआठला सुटणाऱ्या अक्कलकोट गाडीनं मी सहा वर्षं ये-जा करते. अक्कलकोटच्या एका शाळेत मी क्लार्क आहे. ड्रायव्हरच्या मागची तिसरी सीट, खिडकीजवळ, ही माझी जागा. त्या गाडीचे कंडक्टर शहाजी मस्के. वय चौपन्न, अंगानं बुटके, मिशी मेंदीनं तांबूस केलेली आणि आवाज असा की इंजिनाच्या धडधडीवरून शेवटच्या सीटपर्यंत पोचावा.

शहाजीभाऊ मूळचे माळशिरस तालुक्यातल्या एका खेड्यातले. घरचा ऊस थोरले भाऊ बघायचे आणि यांचं सगळं ध्यान यात्रेत येणाऱ्या तंबूतल्या पिक्चरवर. "पडद्याच्या मागनं बसलं की तिकीट लागत न्हवतं," ते सांगायचे. "त्यामुळं मॅडम, धा वर्साचा हुईस्तवर मी सगळे हीरो डावखुरेच बघितले."

त्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. सोमवारी दुपारचा शो ठरलेला. बायको रंभाबाईंचं डोकं दुखायचं, म्हणून एकटेच जायचे. मंगळवारी सकाळी तिकिटं फाडता फाडता, म्हणजे आता मशीनमधून काढता काढता, त्या पिक्चरबद्दलचं मत सांगायचे. मत सांगायची त्यांची एक रीत होती, वाटेतल्या थांब्यांवरून. साधारण पिक्चर कुंभारीपर्यंत जायचा. बरा असला तर वळसंगपर्यंत. अगदी मनात भरला तर थेट अक्कलकोट. आमच्या गाडीतले निम्मे लोक कोणता पिक्चर बघायचा ते यावरून ठरवायचे.

एका प्रेमकथेबद्दल ते म्हणाले होते, "पोरगी भिजती, पोरगा भिजतो, पाऊस काय थांबत न्हाय. एवढ्यात खळ्यातली जवारी कुजली आसती." एका भुताच्या पिक्चरबद्दल म्हणाले, "भुताला कामच न्हाय. दार वाजीवतंय आन् पळतंय. आमच्या बिल्डिंगमधली पोरं काय येगळं करत्यात?" आणि एकदा बाप-लेकीच्या एका पिक्चरनंतर नुसतं "थेट अक्कलकोट" एवढंच म्हणाले आणि बराच वेळ दाराबाहेर बघत उभे राहिले.

गेल्या वर्षी हिवाळ्यात एका जुन्या सरदारावरचा मोठा पिक्चर आला. लोक झेंडे घेऊन थिएटरात जात होते. त्या मंगळवारी गाडी भरलेली होती. मागच्या सीटवर रोजची चंद्रव्वा होती, अक्कलकोटला मठाच्या रस्त्यावर फुलं विकणारी म्हातारी. तिनंच विचारलं, "काय रे शाजी, कसा हाय म्हणायचा?"

"लढाई झ्याक," शहाजीभाऊ म्हणाले. "घोडी झ्याक. पर हीरो मरायला चाळीस मिनटं घेतो की. बाण लागला, बोलतोय. भाला लागला, तरी बोलतोय. माझ्या गाडीत उतरायला कुणी एवढा येळ लावला, तर मी डबल घंटी देऊन गाडी सोडून दीन. न्हाय न्हाय, कुंभारीच्या फुडं न्हाय जात."

सगळी गाडी हसली. मी मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एकोणीस सेकंदांचा. "हीरो मरायला चाळीस मिनटं" पासून "गाडी सोडून दीन" पर्यंत. वर लिहिलं होतं, 'वीराच्या बलिदानावर हसणाऱ्या या कंडक्टरला ओळखा. शेअर करा.' शहाजीभाऊंच्या छातीवरचा बिल्ला दिसत होता. गाडीची पाटी दिसत होती. खाली कुणीतरी गाडीची वेळ आणि त्यांचा मोबाईल नंबरसुद्धा लिहिला होता. त्याच्या खालचं मी वाचत गेले आणि हातातला घास हातातच राहिला. एकानं लिहिलं होतं, गाडीतून ओढून काढा. दुसऱ्यानं विचारलं होतं, मागं हसणारी बाई कोण?

ते हसू माझं होतं. व्हिडिओत माझी हिरवी बाही कोपऱ्यात दिसत होती. त्याच दिवशी मी तो हिरवा ड्रेस ओढणीसकट कपाटाच्या तळाशी टाकला. माझं नाव दीक्षा. आडनावासकट ते बाहेर पडलं तर त्याला लोक काय काय चिकटवतील, ते मला कुणी शिकवायला नको होतं. मी त्या ग्रुपवर काहीही लिहिलं नाही.

शहाजीभाऊंना पहिला फोन त्याच दुपारी अक्कलकोट स्टँडवर चहा घेताना आला. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. पलीकडचा माणूस शांतपणे बोलत होता. "मस्के ना? कुठं राहता?" यांना वाटलं, कुणी ओळखीचं असेल. "जुळे सोलापूर," म्हणून सांगून टाकलं. "बरं," पलीकडून आलं, "भेटू मग." दुसऱ्या फोनवर आईवरून शिव्या. तिसऱ्या फोनवर त्यांच्या बिल्डिंगचं नाव आणि दाराचा रंग. संध्याकाळपर्यंत सत्तावन्न फोन आले. सत्तावन्नाव्या फोननंतर त्यांनी मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. का ठेवला, ते त्यांनाही सांगता येईना.

घरी गेल्या गेल्या त्यांनी पाना घेऊन दारावरची नावाची पाटी काढली. रंभाबाई म्हणाल्या, "आवं, समद्या बिल्डिंगला ठाऊक हाय आपण कुटं ऱ्हातो." तरी काढली. मुलगी अंकिता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिला कॉलेजला जायचं नाही म्हणून सांगितलं. ती चिडली. "पप्पा, मी काय केलंय?"

"तू न्हाय गं. मी केलंय. पर त्येंच्यापाशी पत्ता घराचा हाय."

डेपोतले साहेब चांगलं बोलले. म्हणाले, सुट्टी टाका, वातावरण निवळू द्या. शहाजीभाऊंनी सोमवारपर्यंतची सुट्टी टाकली. पोलीस चौकीत जाऊन अर्जही दिला. पण घरात बसणं त्यांना गाडीपेक्षा जड गेलं. खाली मोटारसायकल थांबली की ते पडद्याआडून बघत. इंजिन बंद झालं तर छातीत धस्स होई, बंद नाही झालं तर आणखी जास्त. गुरुवारी दुपारी दोघं जण गाडीवर बसून अर्धा तास गेटपाशी होते. रंभाबाई म्हणाल्या, त्यांना कुणाची तरी वाट बघायची असेल. शहाजीभाऊ म्हणाले, "व्हय की. माझीच." शेवटी तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी खाली आली आणि त्यांच्यातल्या एकाला वह्या देऊन परत गेली. तेव्हा कुठं शहाजीभाऊ भिंतीला टेकून खालीच बसले. अंकितानं त्यांची नाडी बघितली. एकशे बत्तीस.

जेवण सुटलं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकत. रविवारी त्यांनी रंभाबाईंना सांगितलं, "मंगळवारी मी डूटीवर जानार. घरात तिगंच आपण. गाडीत चाळीस-पन्नास मान्सं आसत्यात, सगळी वळखीची. तितं कुनी काय करणार न्हाय."

मंगळवारी ते आले. मिशी पांढरी दिसत होती. कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही "तिकीट" एवढा एकच शब्द वापरला. ड्रायव्हर बिरप्पा. तो आणि शहाजीभाऊ नऊ वर्षं एका गाडीवर. बिरप्पा मैंदर्गीकडचा, कानडी जास्त, मराठी कमी, आणि एकूण बोलणंच कमी. पण त्या दिवशी त्यानं आतला आरसा थोडा खाली वळवून घेतलेला मला दिसला.

प्रत्येक थांब्यावर शहाजीभाऊ आधी दारातून खाली बघत, कोण चढतंय ते पाहत आणि मगच बाजूला होत. कुंभारी गेलं. त्यांचे खांदे जरा सैल झाले. वळसंगला चौघं चढले. तिशीतले, इस्त्रीचे पांढरे शर्ट, एकाच्या मनगटात चांदीचं जाड कडं. बसायला जागा होती, पण ते उभेच राहिले. कड्याच्या माणसाला बाकीचे उदयसिंहदादा म्हणत होते.

"चार अक्कलकोट," तो म्हणाला. शहाजीभाऊंनी मशीनवर बोट ठेवलं. बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा तिकीट आलं.

"आज मंगळवार ना?" उदयसिंह म्हणाला. "मंगळवारी तुम्ही पिक्चरचं सांगता म्हणे. सांगा की मग."

"न्हाय साहेब. आता न्हाय सांगत."

"का? गेल्या मंगळवारी तर लई हसवलंत."

त्याच्या मागच्या माणसानं मोबाईल वर धरला होता. गाडीत इतकी शांतता झाली की खिडक्यांच्या काचा वाजलेल्या ऐकू येत होत्या. मी खाली बघितलं. माझ्या चपलेचा अंगठा सुटत आलाय हे मला त्या वेळी दिसलं आणि मी त्याकडेच बघत राहिले. त्यांनी व्हिडिओतली हिरवी बाही नीट बघितली असेल का, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

"साहेब, मी त्या थोर माणसाबद्दल काय बी बोललो न्हाय," शहाजीभाऊ म्हणाले. "मी पिक्चरबद्दल..."

"हात जोड."

"मी पिक्चर..."

"हात जोड म्हटलं ना!"

शहाजीभाऊंच्या हातात तिकिटाचं मशीन होतं. ते कुठं ठेवावं त्यांना कळेना. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मशीन माझ्यापुढं धरलं. मी घेतलं. ते घामानं ओलं झालं होतं. त्या दिवशी मी केलं ते एवढंच.

शहाजीभाऊंनी हात जोडले. "मोठ्यानं," उदयसिंह म्हणाला. "म्हण, चूक झाली."

"चूक झाली."

"म्हण, पिक्चर चांगला आहे."

इथं ते थांबले. उदयसिंहनं त्यांच्या शर्टाची कॉलर धरली नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला, एखादा मित्र ठेवतो तसा.

"पिक्चर... लई चांगला हाय."

"साकु बिड्री," मागून आवाज आला. कानडीत, म्हणजे पुरे, सोडा. चंद्रव्वा. पहिल्यांदा पुटपुटल्यासारखी, मग जरा मोठ्यानं. "साकु बिड्री रे, म्हातारा माणूस हाय त्यो." चौघांनी वळून बघितलं. तिनं फुलांची पाटी पोटाशी घट्ट ओढून घेतली आणि गप्प झाली. तिच्या शेजारच्या माणसानं तिच्यापासून थोडं सरकून घेतलं. मोबाईल अजून वरच होता. "आता कान पकड," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात गाडीनं दोन हिसके दिले. मग तिसरा, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. पुढचा थांबा, कर्जाळ, अजून यायचा होता. दोन्ही बाजूंना तुरीची रानं. बिरप्पानं वळून सांगितलं, "गाडी बंद पडली. उतरा सगळे."

"सुरू करा की," उदयसिंह म्हणाला.

"होत न्हाय. गरम झालाय. उतरा, उतरा. लेडीज पहिला उतरा."

बायका उठल्या, पिशव्या निघाल्या, एक बाळ रडायला लागलं, गर्दी दाराकडं सरकली आणि त्या गर्दीनं चौघांना दारातून खाली नेलं. रस्त्यावर उन्हात पन्नास माणसं उभी राहिल्यावर सगळं वेगळंच दिसायला लागलं. गाडीत ते चौघं खूप वाटत होते. इथं चौघंच होते. त्यांना हवं ते मोबाईलमध्ये मिळालंही होतं. एक जीप आली, तिला हात करून ते निघून गेले. जाताना उदयसिंह शहाजीभाऊंना म्हणाला, "जपून बोलत जा, मामा." अगदी आपुलकीनं.

जीप दिसेनाशी होईपर्यंत बिरप्पा बॉनेटपाशी उगाच हात पुसत उभा राहिला. मग तो वर चढला आणि त्यानं चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. कुणी हसलं नाही. मी शहाजीभाऊंना मशीन परत दिलं. "थँक्यू मॅडम," ते म्हणाले. त्या 'थँक्यू'नं मला आठवडाभर झोपू दिलं नाही.

तो दुसरा व्हिडिओही फिरला. त्याच्यावर लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. चार-पाच दिवसांनी फोन कमी झाले, पंधरा दिवसांनी बंद झाले. लोकांना दुसरं काहीतरी मिळालं. पहिला व्हिडिओ कुणी काढला, ते कधीच कळलं नाही. पोलिसांनी एकदा बोलावून जबाब घेतला, तेवढंच. पण शहाजीभाऊ गाडीत पुन्हा बोलले नाहीत. मंगळवार आला की मागच्या सीटवर बसणारे लोकही खिडकीबाहेर बघत.

महिन्याभरानं, एका रविवारी सकाळी, मी त्यांच्या घरी गेले. बेल वाजवल्यावर बराच वेळ काही झालं नाही. मग दाराच्या भोकामागं अंधार झाला आणि आतून रंभाबाईंचा आवाज आला, "कोन हाय?" मी नाव सांगितलं. आतून विचारणा झाली, एकटीच आहे का. मी एकटीच आहे म्हटल्यावर साखळी निघाली. अंकिता पुन्हा कॉलेजला जायला लागली होती, पण बाप तिला सोडायला आणि आणायला जायचा. तिला ते आवडत नव्हतं. तरी ती काही म्हणत नव्हती.

मी शहाजीभाऊंना म्हटलं, "त्या दिवशी मी खाली बघत बसले. आधीच्या मंगळवारी मात्र सगळ्यात मोठ्यानं मीच हसले होते."

"आवं मॅडम, तुमी मशीन धरलं की," ते म्हणाले. "ते पडलं आसतं तर भरपाई माझ्या अंगावर आली आसती." मग म्हणाले, "मला त्येंचा राग न्हाय आला. नुस्तं भ्याव वाटलं. मार खायचं भ्याव वाटलं, त्येची लाज न्हाय. पर त्या भ्यावात मी म्हटलं की पिक्चर चांगला हाय. चाळीस-पंचेचाळीस वर्सं पिक्चर बघतोय. दुसऱ्या कशात बोललो आसंन, पिक्चरबद्दल मी आजपतुर खोटं बोललो न्हवतो."

रंभाबाईंनी चहा आणला. त्या म्हणाल्या, "सांगा की मॅडमना, परत गेल्याचं."

शहाजीभाऊ कसनुसे हसले. तो पिक्चर थिएटरातून जायच्या शेवटच्या आठवड्यात ते पुन्हा बघायला गेले होते. रंभाबाईंना डॉक्टरकडं जातो म्हणून सांगून. कारण त्यांना शंका आली होती, की आपलंच चुकलं असेल. एवढी माणसं चिडतात म्हणजे आपल्याला काहीतरी दिसलं नसेल. तोंडाला मास्क लावून ते दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसले. पडद्यापेक्षा जास्त त्यांनी माणसं बघितली. कुणी मागं वळलं की मान खाली घालत. सरदाराला पहिला बाण लागला तेव्हा त्यांनी मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितली. शेवटचा श्वास गेला तेव्हा पुन्हा बघितली.

"अडतीस मिनटं," ते म्हणाले. "मी चाळीस म्हणालो हुतो. दोन मिनटं वाढवून सांगितली. ती माझी चूक."

"आणि पिक्चर?" मी विचारलं.

त्यांनी आधी खिडकीकडं बघितलं. ती बंद होती. "माझ्या फुडं एक जण बसला हुता. माझ्याच वयाचा, सायकलीचं दुकान आसंल न्हायतर काय आसंल, हात काळे हुते. त्यो अडतीस मिनटं रडत हुता. खरंखुरं रडत हुता, मॅडम. मला काय रडू आलं न्हाय. मला वाटलं लांबलाय. तरी त्येचं बी खरं, माझं बी खरं. पर हे त्या गाडीत कुनाला सांगायचं?"

चहा गार होत होता. जिन्यात पावलं वाजली आणि आम्ही तिघंही बोलायचे थांबलो. पावलं वर गेली. मग रंभाबाईंनी बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली.

त्याला आता नऊ महिने झाले. शहाजीभाऊ अजून त्याच गाडीवर आहेत. डेपोतल्या साहेबांनी पंढरपूर लाइन देऊ केली होती, पण बिरप्पाला सोडून ते गेले नाहीत. मिशी पुन्हा तांबूस झाली आहे. वळसंगला गाडी थांबली की दोन पायऱ्या उतरून खाली बघायची सवय मात्र गेली नाही, आणि कुणाच्या हातात मोबाईल उभा दिसला की त्यांचा हात आपोआप छातीवरच्या बिल्ल्यावर जातो.

गेल्या मंगळवारी गाडी अर्धी रिकामी होती. कुंभारी सोडल्यावर चंद्रव्वानं मागून हाक मारली, "ए शाजी, काल गेला व्हतास का न्हाय पिक्चरला?"

शहाजीभाऊ तिकीट काढता काढता थांबले. त्यांनी शेवटच्या सीटपासून पहिल्या सीटपर्यंत एकेका माणसाकडं बघितलं. आधी चेहऱ्याकडं, मग हातांकडं. आरशात बिरप्पाचे डोळे दिसत होते. शहाजीभाऊ हळूहळू मागं गेले, चंद्रव्वाच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. तिनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले.

काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी पर्स उचलली, सहा वर्षांची खिडकीची जागा सोडली आणि मागं जाऊन चंद्रव्वाच्या शेजारी बसले.